दोन आजोबांचा रेकॉर्डर

समा, बडोदे
२ जून १९९७

श्री. बळवंतराव व्याही यांना गोविंदराव शिर्के यांचा मनापासून रामराम.

पत्र पाहून दचकू नका, घरी सगळी मंडळी खुशाल आहेत. फोन न करता लिहितोय, कारण आमचा फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि बाहेरच्या खोलीत तुमची लेक आहे. हे पत्र तिच्या माघारी चाललंय, तेव्हा उत्तरात सांभाळून घ्या.

तुमच्या नातीला, यशूला, पहिलीत प्रवेश मिळाला हे अस्मितानं तुम्हाला कळवलं असेलच. कसा मिळाला ते कळवलं नसणार. सयाजीगंजातली इंग्रजी शाळा आहे. मोठ्या बाईंनी नाव विचारलं, यशू गप्प. हिंदीत विचारलं, गप्प. मग तिथल्या शिपायानं प्रेमानं विचारलं, "बेटा, तारुं नाम शुं छे?" तरी गप्प. कागद दिला तर पोरीनं बेरजा केल्या, नाव लिहिलं, वर एक मोर काढून दिला. बाई म्हणाल्या, हुशार आहे, पण शाळेत तोंड उघडलंच पाहिजे. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर परत केजीत बसवू, किंवा तुम्ही दुसरी शाळा बघा.

दुसरी शाळा कुठून बघणार? दोन शाळांनी याच कारणासाठी आधीच हात वर केलेत. अस्मिता आठवडाभर नीट जेवलेली नाही. घरात या पोरीच्या तोंडाचा पट्टा पहाटेपासून सुरू असतो. कालच मला म्हणाली, "आबा, तुम्ही घोरताना मधेच थांबता, मग मला काळजी वाटते." आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की कुलूप. घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी, त्यात बिचारी कुठं हरवते कोण जाणे.

आता मुद्द्याचं. शाळेच्या यादीत गणवेश, बूट, वह्या यांच्याबरोबर 'रेकॉर्डर' लिहिलंय. टेप नव्हे हो, वाजवायचा. आपल्या बासरीचा इंग्रज चुलतभाऊ म्हणा. चोचीसारखं तोंड असतं आणि उभा धरून फुंकायचा. तुम्हाला हे सांगणं म्हणजे सुताराला रंधा दाखवणं, फौजेच्या बँडात तुम्ही तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलंय. मी रावपुऱ्यात जाऊन आलो. दुकानदारानं लाकडाचा एक दाखवला, असा गुळगुळीत की हातातून खाली ठेववेना. "काका, आ ज लई जाओ, जिंदगीभर चालशे," म्हणाला. मी घेणारच होतो.

पण आपल्याकडे मुलाची पहिली पाटी आजोळहून येते. आता यादीत पाटी राहिली नाही, तिच्या जागी हा रेकॉर्डर आहे असं मी धरतो. मान तुमचा आहे. काय घ्यावं ते कळवा.

आपला,
गोविंदराव

•

बेळगाव
९ जून १९९७

श्री. गोविंदराव यांस रामराम.

पत्र पावलं. लाकडाचा घ्यायचा नाही. दुकानदाराला सांगा, जिंदगीभर चालणारी वस्तू सहा वर्षांच्या मुलाला देत नाहीत. लाकूड थुंकीनं फुगतं, त्याला तेल लावावं लागतं, आणि पोर चोच चावून ठेवतं. प्लॅस्टिकचाच हवा. साबणाच्या पाण्यानं धुता येतो, पडला तरी मरत नाही.

तीन तुकड्यांत सुटणारा हवा. शेवटचा तुकडा थोडा फिरवला की लहान करंगळीला भोक सापडतं. दोन तुकड्यांचा असला तर बोट पोचत नाही, मूल समजतं आपल्यालाच जमत नाही, आणि सोडून देतं. अशी मुलं मी पाहिली आहेत.

भोकांची मांडणी दोन तऱ्हेची येते. एक पहिल्या महिन्यात सोपी आणि नंतर जन्मभर अडचणीची. दुकानदार ती पहिल्यांदा काढून देतो. म्हणून तुम्ही काहीही घेऊ नका. माझा एक जुना सोबती मुंबईत वाद्यांच्या दुकानात आहे, त्याच्याकडून मागवून मी पाठवतो. मान माझा म्हणालात, तो मी घेतला.

पोर बोलत नाही म्हणजे काय? बोलणाऱ्यांची या देशात टंचाई नाही. तिच्या मागे लागू नका. "बोल, बोल" करू नका. अस्मितालाही सांगा. मला कळलंय हे मात्र सांगू नका.

बळवंतराव

•

समा, बडोदे
४ जुलै १९९७

श्री. बळवंतराव व्याही यांना रामराम.

पार्सल मिळालं. अडतीस वर्षं बडोदे स्टेशनच्या पार्सल ऑफिसात काढलेला माणूस म्हणून सांगतो, असं बांधलेलं पार्सल मी पाहिलेलं नाही. सात गाठी, त्यावर पुन्हा कापड शिवलेलं. आत रेकॉर्डर आहे की तोफेचा गोळा, असं तुमचा जावई अनीश म्हणाला.

अस्मितानं तो देवापुढं ठेवला, हळदकुंकू वाहिलं. यशूनं पेढा खाल्ला आणि दुसरा पेढा त्याच्या चोचीला लावला. रंग म्हणाल तर आमच्या साबणाच्या डबीचा आहे. लाकडाच्या त्या सुंदर वस्तूची आठवण मला अजून येते, पण मान तुमचा, तेव्हा मी गप्प बसतो. शेवटचा तुकडा फिरवल्यावर करंगळी खरंच बरोबर भोकावर बसली. तिथं मात्र तुम्हाला मानलं.

एवढ्या लांबून, एवढ्या प्रेमानं पाठवलेल्या वस्तूत खोट काढू नये. कारखान्यातून एखादी बारीकशी चूक राहून जाते, ती घरच्या घरी दुरुस्त होते, तशी ती मी केली आहे. मुंबईच्या तुमच्या सोबत्याला त्याबद्दल काही बोलू नका, उगाच वाईट वाटायचं.

संध्याकाळी मी माझी बासरी आणि ती तिचा रेकॉर्डर घेऊन गच्चीवर बसतो. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या भजनी मंडळात वीस वर्षं वाजवल्याचा असा उपयोग होईल, हे मला तरी कुठं ठाऊक होतं? सा, रे, ग तिला पाच दिवसांत आलं. शाळेत मात्र संगीताच्या तासाला ती तो दप्तरातून काढते, हातात धरते आणि तशीच बसते. फुंकत नाही. मोहनाटीचर नावाच्या तरुण बाई शिकवतात, वर्गशिक्षिकाही त्याच. त्या म्हणाल्या, धरते ना, मग आज एवढं पुरे. मला बाई आवडल्या.

गोविंदराव

•

बेळगाव
१२ जुलै १९९७

श्री. गोविंदराव यांस रामराम.

खोट कसली ते लिहिलं नाहीत. प्लॅस्टिकच्या जोडाची कड राहिली असेल. घासून काढलीत ते ठीक.

डावा हात वर, उजवा खाली. डाव्या हाताचा अंगठा मागे, पहिले तीन महिने तिथून हलू द्यायचा नाही. बोटांची टोकं नव्हे, पेरांची गादी ठेवायची. गालात हवा भरायची नाही. प्रत्येक सुराआधी जिभेनं "तू" म्हणायचं. रोज पंधरा मिनिटं, जास्त नाही. तुम्ही गच्चीवर तासतास बसत असाल, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे.

शाळेत फुंकत नाही याची चिंता करू नये. हातात धरून बसते म्हणजे जागेवर हजर आहे.

बळवंतराव

•

समा, बडोदे
१९ ऑक्टोबर १९९७

श्री. बळवंतराव व्याही यांना रामराम.

तीन महिने पत्र नाही, याचा राग धरू नका. सांगण्यासारखं काही नव्हतं. आता एक गोड बातमी आहे आणि एक कडू, गोड आधी घ्या.

यशू शाळेत फुंकली! गेल्या महिन्यात मोहनाटीचर वर्गाची हजेरी घेत होत्या. नाव पुकारलं की मुलं "प्रेझेंट मिस" म्हणतात आणि यशूचं नाव आलं की वर्गात शांतता पसरते. त्या दिवशी शांततेत एक सूर आला. ग. स्वच्छ, न थरथरता. टीचरनी वर पाहिलं नाही की कौतुक केलं नाही, नुसतं हजर मांडलं आणि पुढचं नाव घेतलं. तेव्हापासून रोज तिची हजेरी अशीच होते. ही गोष्ट टीचरनी मला फाटकाशी सांगितली, आणि व्याहीबुवा, मी त्या रस्त्यावर, रिक्षावाल्यांच्या देखत, रडलो. एक जण म्हणाला, "काका, तबियत सारी छे ने?" मी म्हटलं, एकदम सारी.

आता कडू. मोठ्या बाईंच्या कानावर हे गेलं आणि त्या चिडल्या. शाळा आहे, बँडपथक नव्हे, हजेरी तोंडानंच द्यायची. अनीशला आणि अस्मिताला बोलावून सांगितलं की दिवाळी आली, मुदत संपली. मोहनाटीचर मधे पडल्या म्हणून डिसेंबरपर्यंत वाढवून मिळाली, आणि तोवर हजेरी सुरानं चालेल असं ठरलं. २० डिसेंबरला स्नेहसंमेलन आहे. आठ मुलं रेकॉर्डरवर एक धून वाजवणार आहेत, त्यात यशूला घेतलंय. मोठ्या बाई म्हणाल्या, तोवर शाळेत एक शब्द ऐकू आला नाही तर जानेवारीत केजी. खालच्या वर्गात, तिच्याहून लहान मुलांत. अस्मिता घरी येऊन म्हणाली, माझ्याच मुलीला असं का?

धून सोपी आहे, पण दोन ठिकाणी वरच्या रे-पर्यंत जाते. तेवढं कसं बसवायचं ते लिहा.

गोविंदराव

•

बेळगाव
२७ नोव्हेंबर १९९७

श्री. गोविंदराव यांस रामराम.

उशीर झाला. आमच्या सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. आता बरी आहे, पण महिनाभर मला हलता यायचं नाही, म्हणून संमेलनाला येणं होणार नाही. याचं किती वाईट वाटतं ते लिहीत नाही.

वरचा रे सोपा आहे. इतके दिवस अंगठा मागे दाबून ठेवायला सांगितला, तो आता उचलायचा. मागचं भोक उघडं, पुढं फक्त मधलं बोट. झाला वरचा रे. दोन दिवसांचं काम आहे. तिनं हजेरीला ग वाजवला हे मी चार वेळा वाचलं. चार वेळाच वाचलं, जास्त नाही.

बळवंतराव

•

समा, बडोदे
४ डिसेंबर १९९७
स्पीड पोस्टनं

बळवंतराव,

माझ्या हातून मोठी चूक झाली आहे. हे पत्र वाचून तुम्ही मला काय वाटेल ते बोला, ते मी ऐकून घेईन.

जुलैत जी खोट मी दुरुस्त केली म्हणालो, ती खोट म्हणजे हेच मागचं भोक. आमच्या बासरीला मागे भोक नसतं. पुढं सहा, संपला विषय. कारागिराचं एखादं भोक चुकीच्या जागी पडलं की तो ते बुजवतो आणि बासरी विकतो, हे मी शंभरदा पाहिलंय. रेकॉर्डर पालथा केला तर मागे एकटंच भोक. मला वाटलं कारखान्यात चुकून पडलं. तुमच्या डोळ्यांतून निसटलं असेल, कशाला सांगून तुमचा मान कमी करा, असा मोठेपणा मी दाखवला. घरात पार्सलवर शिक्के मारायची लाल लाख पडलेली होती. मेणबत्तीवर मऊ केली, भरली, काचकागदानं घासून अशी सपाट केली की बोटालाही कळू नये. अडतीस वर्षांत मी लावलेली लाख कधी सुटली नाही, आणि ही तर मी जीव ओतून लावली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच.

खालचे सगळे सूर मागचं भोक बंद ठेवूनच वाजतात, म्हणून पाच महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. अंगठा त्यावर, आणि टीचरपुढे चाळीस मुलं. परवा तुमचं पत्र आलं, मी तिला म्हटलं अंगठा उचल. तिनं उचलला आणि काहीच झालं नाही. ती माझ्याकडे बघायला लागली. तेव्हा मला लाख आठवली.

सुईनं लाख उकरायला गेलो तर भोकाची कड उडायला लागली, म्हणून हात आवरला. काल रावपुऱ्यातून गुपचूप नवा आणला, अगदी तुम्ही सांगितला तसा, प्लॅस्टिकचा, तीन तुकड्यांचा. तिनं घेतला. पण अंगठ्याखाली भोक लागलं की ती बिचकते, अंगठा जरा हलतो, आणि सूर किंचाळतो. तीनदा किंचाळला. तिनं तो नीट पिशवीत भरून माझ्या मांडीवर ठेवला आणि पांघरुणात जाऊन झोपली. आज दिवसभर दोन्हींना हात लावलेला नाही. आज शाळेत हजेरीचा गसुद्धा वाजला नाही, असं टीचर म्हणाल्या.

बोलायला लागण्याची तिची एक वाट होती, ती मी माझ्या हातानं बुजवली. अस्मिताला अजून सांगितलेलं नाही. काय करू ते लिहा. सोळा दिवस राहिलेत.

गोविंदराव

•

बेळगाव
८ डिसेंबर १९९७
स्पीड पोस्टनं

गोविंदराव,

लाख काढू नका. नवा रेकॉर्डर कपाटात टाका. संचलनाच्या तोंडावर शिपायाची बंदूक बदलत नाहीत.

पहिल्यांदा मी रागावलो. मग सौ.ला वाचून दाखवलं, ती इतकी हसली की टाके दुखले म्हणाली. मग मीही हसलो. मान राखायला भोक बुजवणारा व्याही मिळाला, हे आमचं भाग्य. हे थट्टेनं लिहीत नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती अस्मितालाही ठाऊक नाही. मी नऊ वर्षांचा होईपर्यंत घराबाहेर बोललो नाही. आई वारली होती. मामाच्या गावात ठेवलं होतं. लोक मला मुका म्हणत, मामाही म्हणे. गावात एक सेवानिवृत्त बिगुलवाला होता. त्यानं मला बिगूल दिला, शिकवलं काहीच नाही. बिगुलाला एकही भोक नसतं, गोविंदराव. बोटांना कामच नाही. खालचा सूर, वरचा सूर, त्याच्या वरचा, सगळे ओठांतून आणि फुंकेतून काढायचे. वर्षभर मी माळावर जाऊन फुंकलं. एके दिवशी बिगुलवाल्यानं विचारलं, काय रे, जेवलास का, आणि मी जेवलो म्हणालो. एवढंच झालं. त्याला काही मोठं वाटलं नाही, म्हणून मला पुढचं बोलता आलं.

"तिच्या मागे लागू नका" हे जूनमध्ये एवढ्या जोरात लिहिलं, ते यामुळं.

आता कृती. खालचा रे जसा धरते तसाच धरू द्या, अंगठा तिथंच. मग फुंक दुप्पट जोरात, पण बारीक. जीभ "तू" नव्हे, "टी". सूर उडी मारून वर जाईल. जरासा चढा लागेल, लागू दे. तुमच्या बासरीत वरचं सप्तक असंच फुंकेनं काढता ना? मग हे तुम्हाला माझ्यापेक्षा बरं येतं. तुम्हीच शिकवा.

अस्मिताला सगळं सांगून टाका. लाखेचं, आणि माझंही.

बळवंतराव

•

समा, बडोदे
२१ डिसेंबर १९९७

माझे प्रिय बळवंतराव,

सकाळचे सहा वाजलेत, घर झोपलंय, आणि मला हे लिहिल्याशिवाय चहा जायचा नाही.

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी अस्मिताला सगळं सांगितलं. लाखेचं ऐकून तिनं रेकॉर्डर पालथा करून बघितला. मग तुमचं पत्र तिनं स्वतः वाचलं. वाचून झाल्यावर यशूला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "आबा, शिकवा तिला." त्या दिवसापासून तिनं यशूला एकदाही "बोल" म्हटलं नाही.

फुंकेचा वरचा रे यायला सहा दिवस लागले. पहिले चार दिवस वाफेच्या इंजिनासारखा आवाज. शेजारचे पटेल विचारून गेले, प्रेशर कुकर बिघडलाय का. पाचव्या दिवशी सूर वर गेला आणि पडला. सहाव्या दिवशी गेला आणि राहिला. यशू मला म्हणाली, "आबा, वर गेल्यावर खाली बघायचं नाही." मी तिला असं काही सांगितलेलं नव्हतं.

काल संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मंडप, पाचशे माणसं, आणि बडोद्याच्या मानानं कडाक्याची थंडी. आठ मुलं ओळीनं उभी. यशू डावीकडून तिसरी. सुरुवात बरी झाली. मग धून वर चढली, आणि सातही मुलांनी नीट शिकवल्याप्रमाणं अंगठे उचलले. गारठलेली बोटं, घाबरलेली पोरं. कुणाचा सूर किंचाळला, कुणाचा फुटला, दोघांनी तर वाजवणंच थांबवलं. आणि त्या सगळ्या कलकलाटात एक वरचा रे आला, सरळ, भरलेला, जरासा चढा. तुमच्या नातीचा. बाकीची मुलं तिच्याकडे बघायला लागली. ती खाली बघत नव्हती. तिनं धून चालू ठेवली, आणि एकेक करत मुलं तिच्या मागे परत आली. दुसऱ्यांदा वरचा रे आला तेव्हा तिच्या सुराला धरून आणखी तिघांचा लागला. शेवटी लोक उभे राहिले हो! अनीशनं अशी शिट्टी मारली की मोठ्या बाईंनी मागे वळून पाहिलं.

पण तुम्ही म्हणाल, शब्दाचं काय? मुदत शब्दाची होती. तेच सांगतो.

कार्यक्रमानंतर मोठ्या बाई मोहनाटीचरना घेऊन आमच्याकडे आल्या. बाकी सगळ्यांचा सूर फुटला आणि हिचा कसा नाही, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी यशूच्या हातातून रेकॉर्डर घेतला, पालथा केला, आणि त्यांचं बोट थांबलं. "हे भोक बुजवलेलं आहे," त्या म्हणाल्या. "चांगलं वाद्य कुणी खराब केलं?" आवाज असा की आजूबाजूचे चार पालक वळले.

मी बोलायला तोंड उघडलं. बळवंतराव, देवाशपथ सांगतो, शब्द फुटेना. फलाटावर आयुष्यभर हमालांवर ओरडलेला मी, त्या बाईंपुढं माझी जीभ टाळ्याला चिकटली. मी मान खाली घातली.

आणि खालून आवाज आला. इंग्रजीत.

"माय आबा डिड इट. इट इज नॉट खराब."

मोठ्या बाई खाली बघतात तो यशू. रेकॉर्डर परत घेण्यासाठी हात पुढं केलेला. बाई वाकून म्हणाल्या, काय म्हणालीस? मला वाटलं, झालं, आता पुन्हा कुलूप. पण ती सुरूच राहिली. जे इंग्रजीत आलं ते इंग्रजीत, जे नाही ते मराठीत, मधे गुजराती. आबांना माहीत नव्हतं मागे भोक असतं. त्यांच्या बासरीला नसतं. बेळगावच्या आजोबांनी चिठ्ठीत सांगितलं फुंकून वाजवा. "में फूंक मारी, ने वागी गयुं!" म्हणजे, वाजलं. आणि मग आपण होऊन, कुणी न विचारता, "माय नेम इज यशश्री अनीश शिर्के, फर्स्ट बी."

मोहनाटीचर तोंडावर हात धरून उभ्या. अस्मितानं माझा दंड इतका घट्ट धरला की अजून दुखतोय. मग मोठ्या बाईंनी रेकॉर्डर दोन्ही हातांनी तिला परत दिला आणि म्हणाल्या, "यशश्री, सोमवारी मला हा रे वाजवून दाखवशील?" यशू म्हणाली, "यस मिस. पण तुम्हाला खाली बसावं लागेल, मी छोटी आहे."

केजीचं नाव कुणी काढलं नाही. निघताना बाई अनीशला एवढंच म्हणाल्या, मुलगी पहिलीतच राहील. रिक्षात यशू समा येईपर्यंत रिक्षावाल्याशी बोलत होती. त्याचं गाव कोणतं, मुलं किती, हॉर्न असा का वाजतो. आम्ही तिघं मागे गप्प बसून होतो, आणि गप्प बसण्यात इतकं सुख असतं हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

आपला आणि आपलाच,
गोविंदराव

•

बेळगाव
२६ डिसेंबर १९९७

प्रिय गोविंदराव,

पत्र दुपारी आलं. उभ्या उभ्या वाचलं. मग सौ.च्या खाटेपाशी बसून मोठ्यानं वाचलं. यशूचं नाव आलं तिथं मला पुढं वाचता येईना, तेव्हा तिनं कागद घेतला आणि शेवटापर्यंत तिनं वाचलं.

त्यानंतर मी दारात जाऊन उभा राहिलो. समोरचा मानसिंगराव सायकल पुसत होता. त्यानं विचारलं, काय हो, असे का उभे, काही वाईट बातमी आहे का? या गल्लीत मी तीस वर्षं राहतो आणि "बरं आहे" यापलीकडे कुणाशी बोललेलो नाही, हे तुम्हाला ठाऊक नसेल. मी खाली उतरलो, त्याच्या सायकलीपाशी गेलो, आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तासभर लागला. आणखी चौघे येऊन उभे राहिले, त्यांच्यासाठी पुन्हा सांगितलं.

बळवंतराव